एका पेडलात किती पायऱ्या?

माझी भाची सहावीत आहे. तिच्या सायकलीला अठरा गिअर आहेत आणि त्यातला ती फक्त एकच वापरते, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं. तेही कुठे? सिंहगडाच्या घाटात, दुसऱ्याच वळणावर. पहाटेची थंडी, मी तोंडाने वाफा सोडत मागे, ती झोकात पुढे. आणि एकदम ती थांबली. थांबली म्हणजे काय, आडवी होता होता वाचली.

"मामा, सायकल बिघडलीय. पुढेच जात नाहीये."

मी खाली वाकून पाहिलं. सायकल ठणठणीत होती. चेन मात्र पुढच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर होती आणि मागच्या सगळ्यात लहान चकतीवर.

"हा गिअर का लावलास गं?"

"तो फास्ट असतो ना!"

आता यावर काय बोलणार? बरोबरच होतं तिचं. सोसायटीच्या सपाट रस्त्यावर तो फास्टच असतो. मी सायकल कठड्याला टेकवली आणि तिला म्हटलं, "बस खाली. दाते मोज."

तुम्हीही तुमच्या सायकलीचे मोजा. हाताला ग्रीस लागेल, लागू दे. हिच्या सायकलीला पुढे तीन चकत्या आणि मागे सहा (तीन सक अठरा, म्हणून अठरा गिअर). पुढच्या मोठ्या चकतीला ४२ दाते निघाले, मागच्या लहानीला १४. पेडल एकदा पूर्ण फिरलं की पुढची चकती एकदा फिरते आणि चेनच्या ४२ कड्या पुढे सरकतात. त्या ४२ कड्या मागच्या १४ दात्यांच्या चकतीला किती वेळा फिरवणार? तीनदा. तिच्याबरोबर मागचं चाकही तीनदा. चाकाचा घेर साधारण २ मीटर. म्हणजे पेडलाचा एक फेरा मारला की सायकल ६ मीटर पुढे! खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन वर थोडी उरेल.

सपाटीवर मजाच मजा. पण आम्ही उभे होतो तिथे चढ होता.

चढ किती आहे हे सांगायची एक सोपी रीत आहे. १०० मीटर पुढे गेल्यावर १० मीटर वर गेलात तर तो १० टक्के चढ. सिंहगडाच्या घाटात काही ठिकाणी सहज तेवढा चढ लागतो. मग हिशेब करा. पेडलाच्या एका फेऱ्यात ६ मीटर पुढे, म्हणजे ६० सेंटिमीटर वर. तुमच्या इमारतीच्या जिन्याची एक पायरी साधारण १७ सेंटिमीटर उंच असते. पट्टी लावून बघा. म्हणजे ही पोरगी एका फेऱ्यात साडेतीन पायऱ्या चढायला बघत होती. तेही रिकाम्या हाताने नाही, सायकल घेऊन!

"एका पायाच्या दाबात पावणेदोन पायऱ्या," ती म्हणाली. गणित बरं आहे तिचं.

आता खरी गंमत. तिचं वजन ३४ किलो. सायकल, पाण्याची बाटली, दप्तर (दप्तर कशाला आणलं होतं ते मी विचारलं नाही) धरून सगळं मिळून ५० किलो. एक पाय पेडल वरून खाली दाबतो, तेव्हा ते पेडल ३४ सेंटिमीटर खाली येतं. तेवढ्यात तिला ५० किलोचं ओझं ३० सेंटिमीटर वर न्यायचं होतं. ३४ सेंटिमीटर दाबून ३० सेंटिमीटर उचलायचं, तर पेडलावर जवळजवळ ४४ किलोचा भार द्यायला हवा. टायरचं घासणं आणि वारा तर आपण धरलेलाही नाही.

"तुझं वजन किती?"

"चौतीस."

"मग?"

ती दोन क्षण गप्प. मग खो-खो हसायला लागली. पेडलावर दोन्ही पायांनी थयथया नाचली असती तरी ते खाली गेलं नसतं! हँडल खेचून धरलं की वजनापेक्षा थोडा जास्त दाब देता येतो खरा, पण तसं किती वेळ करणार? सायकल बिघडलेली नव्हतीच. तराजूच्या एका पारड्यात ४४ होते आणि दुसऱ्यात ३४.

मग आम्ही दुसरं टोक पाहिलं. पुढची लहान चकती २४ दात्यांची, मागची मोठी २८ची. इथे पेडल एक फेरा मारतं तेव्हा चाक पुरता एक फेराही मारत नाही. सायकल जाते जेमतेम १.७ मीटर पुढे, आणि १० टक्क्यांच्या चढावर १७ सेंटिमीटर वर. म्हणजे बरोब्बर एक पायरी! प्रत्येक पायाच्या वाट्याला अर्धी. पेडलावर दाब हवा साधारण साडेबारा किलोचा, म्हणजे पाण्याने भरलेल्या एका बादलीएवढा. तो तर ती बसल्या बसल्या देईल.

"मग यात तोटा काय?" तिने डोळे बारीक केले. फुकट काही मिळत नसतं, हे तिला भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना कळलेलं आहे.

तोटा हा, की पेडलं साडेतीनपट जास्त वेळा मारावी लागतात. डोंगर आपलं येणं सोडत नाही. ५० किलो वर न्यायचे म्हणजे न्यायचे. गिअर एवढंच ठरवतो की ते देणं एकरकमी द्यायचं की हप्त्याहप्त्याने. घाटात शहाणी माणसं हप्त्याने देतात.

एक सूचना मात्र तिथल्या तिथे द्यावी लागली, कारण तिने लगेच उभ्या चढावर जोर लावत गिअर बदलायला घेतला आणि चेन कडकड वाजायला लागली. चेन ताणलेली असताना तिला एका चकतीवरून दुसरीवर उडी मारायला सांगणं म्हणजे रस्सीखेच चालू असताना खेळाडूला जागा बदलायला सांगणं. चढ लागायच्या आधीच गिअर बदलायचा, आणि बदलताना पायाचा जोर क्षणभर सैल सोडायचा. पेडलं फिरती ठेवायची, जोर नाही लावायचा.

आणि हो, सीट! तिची सीट इतकी खाली होती की पेडल मारताना गुडघे कानाला लागतील की काय असं वाटत होतं. पाय नीट लांब झाला नाही तर मांडीचा जोर वाया जातो आणि गुडघे कुरकुरतात. सीटवर बसून टाच पेडलावर ठेवा, पेडल अगदी खाली असू द्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल माराल तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहील. पाना नव्हता, पण तिच्या सीटला हाताने उघडायची कळ होती. चार बोटं वर घेतली.

पुढे निघालो. आता ती बसून, टुकुटुकु पेडलं मारत, शेजारून चालणाऱ्या एका आजोबांपेक्षा जरा जास्त वेगाने. आजोबांनी तिला हात केला.

तुम्ही कधी डोंगरावरच्या गुरांच्या वाटा पाहिल्यात? सरळ वर जात नाहीत. तिरक्या जातात, वळतात, परत तिरक्या. गाईला भौतिकशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं, पण लांबची वाट धरली की चढ कमी होतो हे तिच्या पायांना माहीत असतं. घाटातला नागमोडी रस्ता तीच युक्ती करतो. सिंहगडावर आतकरवाडीतून पायवाटही जाते. ती अंतराने कितीतरी कमी, पण उभी. गाडीरस्ता आठ-नऊ किलोमीटर घोळवत नेतो. उंची दोघांची सारखीच, पायथ्यापासून साधारण ६०० मीटर. म्हणजे घाटरस्ता हा डोंगराला बसवलेला गिअरच झाला! आणि १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री दोर लावून कडा चढले, तो सगळ्यात अवघड गिअर. त्यांना हप्त्याने द्यायला वेळच नव्हता.

हे ऐकून भाची म्हणाली, "मग मी रस्त्यावरच डावी-उजवीकडे वळणं घेत जाऊ?" नको. युक्ती बरोबर आहे, पण मागून येणाऱ्या जीपवाल्याला ती माहीत नसते. घाटात डावी बाजू धरायची, डोक्यावर हेल्मेट, आणि बरोबर एक मोठं माणूस. ते माझ्यासारखं धापा टाकणारं असलं तरी चालेल.

आता एक विचित्र गोष्ट सांगतो. मुंबईहून पुण्याला रेल्वेने येताना गाडी कर्जतला थांबते आणि तुम्ही वडा खाईपर्यंत मागे जादा इंजिनं लागतात, बरोबर? ती बोरघाटात गाडीला मागून रेटतात. हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा सगळ्यात अवघड चढ किती माहितीय? ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. टक्क्यांत मोजलं तर तीनही नाही! माथेरानची छोटी गाडी जरा धीट, ती २० मीटरला १ मीटर चढते, म्हणजे ५ टक्के. आणि सहावीतली मुलगी १० टक्क्यांवर टुकुटुकु चाललेली. रेल्वे हरली?

रेल्वेची अडचण वेगळी आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर अगदी कमी घासतं, म्हणून सपाटीवर हजारो टनांची गाडी सहज पळते. पण घासणं कमी म्हणजे पकडही कमी. चढ वाढला की चाकं जागच्या जागी घसरतात. आपल्या टायरचं रबर मात्र रस्त्याला घट्ट धरतं. त्यासाठी सपाटीवर थोडी जास्त मेहनत पडते, पण घाटात ते वसूल होतं. टायरमध्ये हवा नीट भरलेली असली तर! मऊ पडलेलं टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतं आणि परत फुगतं, आणि ते चेपायचं काम तुमचे पायच करत असतात.

याच बोरघाटातून मुंबई-पुणे सायकल शर्यत जाते. घाटात सगळ्यात पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्समधल्या 'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीतही डोंगरातल्या अव्वल गड्याला असाच मान असतो. तो पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा सदरा घालतो. लांबून बघितलं तर गोवर आल्यासारखा दिसतो, पण तो अंगावर यावा म्हणून भलेभले जीव टाकतात.

या शर्यतीची एक गोष्ट मला फार आवडते. ती सुरू झाली १९०३ साली. तेव्हा चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारे गिअर नुकते कुठे रांगायला लागले होते, पण शर्यतीच्या संस्थापकाला, आँरी देग्रांज याला, ते मुळीच पसंत नव्हते. त्याच्या मते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी होते. खऱ्या गड्याने पायांच्या जोरावर जिंकावं! मग ते बिचारे खेळाडू काय करायचे? त्यांच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या चकत्या असायच्या. घाट आला की सायकलीवरून उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि चढायचं. माथ्यावर पोचलं की परत उतरायचं, परत चाक काढायचं, परत उलटं करायचं. थंडीने बोटं आखडलेली असताना! असा खटाटोप १९३७पर्यंत चालला. त्या साली कुठे आताच्यासारख्या गिअरला परवानगी मिळाली. मी पंचेचाळिशी ओलांडलेली असल्यामुळे देग्रांजसाहेबांची माझ्या गिअरला हरकत नसती, एवढं समाधान आहे.

मधल्या एका वळणावर आम्ही पाणी प्यायला थांबलो. भाचीच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. डिसेंबरात!

"खाली येताना मात्र कुडकुडायला होतं. असं का?"

आपले स्नायू मोठे उधळे असतात. खाल्लेल्या अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा ते सायकल ढकलायला वापरतात. उरलेले तीन हिस्से निव्वळ उष्णता. सपाटीवर जोरात जाताना समोरचा वारा ती उष्णता पळवून नेतो. चढावर जोर तेवढाच लागतो, पण वेग ताशी ६ किलोमीटर. वारा कुठून येणार? म्हणून घाम टपटप. उतारावर उलटं. जोर शून्य, वारा भरपूर, आणि अंगावर ओला टी-शर्ट. तेवढ्यासाठी एक कोरडं जॅकेट बरोबर असावं. (दप्तरात तेच होतं, असं नंतर कळलं. मी मनातल्या मनात माफी मागितली.)

मग हिशेब निघाला की हा डोंगर चढायला एकूण लागतं किती. ५० किलो ६०० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे साधारण ७० किलोकॅलरी. एका मध्यम केळ्यात याहून जास्त असते! एक केळं आणि सिंहगड सर. पण आपले स्नायू चारातले तीन हिस्से उधळतात ना, म्हणून केळी लागतात तीनेक. तासा-दीड तासात ती ७० किलोकॅलरी डोंगराला द्यायची तर तिच्या पायांनी सरासरी साठेक वॅट द्यायला हवेत. घरातला साधा छताचा पंखा ७५ वॅटचा असतो. म्हणजे सहावीतली मुलगी जवळजवळ एक पंखा फिरवत गड चढते. जगातले उत्तम चढणारे सायकलपटू असे पाच पंखे फिरवतात.

त्यातले बरेच जण अंगाने किडकिडीत असतात. सपाटीवर जोरात जाताना मुख्य शत्रू वारा, तिथे धिप्पाड माणूस आपल्या ताकदीने वारा फोडत जातो. चढावर शत्रू एकच, वजन. इटलीचा मार्को पांतानी हा घाटातला जादूगार ५७ किलोच्या आसपास होता. तुमच्या वर्गात "काडीपैलवान" म्हणून कुणाला चिडवत असाल, तर त्याच्याबरोबर घाटात सायकलची पैज लावू नका.

त्या दिवशी आम्ही गडावर पोचलो का? नाही. चार किलोमीटरांवर तिचे पाय लटलटायला लागले आणि आम्ही फिरलो. ती जरा रुसली.

पण मग जानेवारीत परत गेलो. फेब्रुवारीत परत. मध्ये आठवड्यातून दोनदा ती शाळेजवळच्या उड्डाणपुलावर खालीवर करायची. वेग कसा ठेवायचा, याला माझ्याकडे एकच माप आहे. पेडल मारता मारता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "मामा मला भूक लागलीय" एवढं न थांबता म्हणता आलं तर ठीक. "मामा... मला..." झालं की हळू. चढाच्या सुरुवातीलाच जोशात उडणारे दुसऱ्या वळणावर कठड्यावर बसलेले सापडतात.

या दोन महिन्यांत तिच्या अंगात काय काय झालं असेल! बाहेरून काहीच दिसत नव्हतं, पोटऱ्या होत्या तशाच. पण आत बांधकाम चालू होतं. स्नायूंच्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया नावाची इवलीशी वीजघरं असतात. अन्न आणि प्राणवायू वापरून ती ऊर्जा तयार करतात. सराव केला की त्यांची संख्या वाढते. त्यांच्यापर्यंत प्राणवायू पोचवणाऱ्या केसांहून बारीक रक्तवाहिन्या वाढतात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून तेवढ्याच चढाला ठोके कमी पडतात. आणि हे बांधकाम सायकल चालवताना होत नाही बरं का, नंतर होतं, जेवताना, झोपताना. रोज रोज घाट चढणाऱ्याच्या गवंड्यांना कामाला वेळच मिळत नाही.

डोळ्यांचंही काहीतरी होतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी लोकांना टेकडीसमोर उभं करून विचारलं, हा चढ किती अंशांचा? चढ होता ५ अंशांचा. लोकांनी सांगितलं, सुमारे २०! पाठीवर जड पिशवी दिली, किंवा माणूस पळून दमलेला असला, तर तोच चढ आणखी उभा वाटला. हे दमलेल्यांना खरंच तसं दिसतं की ते नुसतं तसं सांगतात, यावर त्यांचे वाद अजून चालू आहेत. तुम्ही कंपासपेटीतला कोनमापक काढा. आम्हाला अडवणारा तो १० टक्क्यांचा राक्षसी चढ त्यावर दाखवा. सहा अंशांपेक्षाही कमी! रेघ आडवी आहे की तिरपी, हे नीट बघावं लागतं. फेब्रुवारीत भाची त्या दुसऱ्या वळणाशी आली आणि म्हणाली, "इथेच अडले होते मी? याला चढ म्हणतात?" रस्ता कुणी खोदून सपाट केला नव्हता.

अगदी उभ्या तुकड्यावर ती पेडलांवर उभी राहिली. उभं राहिलं की अंगाचं वजन थेट पेडलावर येतं, पण सगळं अंग पायांवर आणि हातांवर तोलावं लागतं, त्यामुळे दमही जास्त लागतो. वीस-पंचवीस पेडलं मारली आणि ती परत बसली. मी सांगितलं नव्हतं.

गडावर पोचलो तेव्हा माझी जीभ बाहेर आणि तिची बडबड चालू. झाडाखाली मावशी बसल्या होत्या, मडक्यातलं दही, झुणका-भाकरी, गरमागरम कांदाभजी. तिने दीड प्लेट भजी खाल्ली. तीन केळ्यांचा हिशेब कधीच मागे पडला.

उतरताना मी तिला पुढे घातलं. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबायचे, सोडायचे, वळणाच्या आधी वेग कमी. खाली पोचून सायकली उभ्या केल्या तर ती मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली.

"मामा, वर नेलेली ती सत्तर किलोकॅलरी आता कुठे गेली?"

थोडी वाऱ्याने खाल्ली. बाकीची ब्रेकच्या रबराने रिम घासून घासून गरम केली. तबकडीचे ब्रेक असतील तर ती तबकडी चटका देण्याइतकी तापते, तिथे बोट लावायचं नाही. हिच्या सायकलीला साधे रबराचे ब्रेक. तिने रिमपासून दोन बोटं अंतर ठेवून तळहात धरला आणि हळूच हसली.

"ऊब लागतेय. माझी भजी इथे आहेत."